परसंस्थानी

हरणाबाई माझी थोरली वहिनी. आईबाप मला कळायच्या आत गेले आणि थोरला भाऊ तात्याबा सदा मेंढरांमागं, त्यामुळं मला वाढवलं ते तिनंच. उंच, काटक आणि तापट बाई. तात्याबा जितका मवाळ तितकी ती कडक. राग आला की ती मराठी सोडून कानडीत शिरायची, आणि मग तळावरची कुत्रीसुद्धा लांब जाऊन बसायची.

आम्ही जतकडचे धनगर. पावसाळ्याचे चार महिने जत संस्थानच्या माळावर, आणि दिवाळी झाली की बिऱ्हाड घोड्यावर लादून कृष्णेच्या अंगाला. तिकडचे शेतकरी आमची मेंढरं रात्री आपल्या रानात बसवून घेत. लेंड्यांसारखं खत उसाला दुसरं नाही, म्हणून त्याबदली जोंधळा मिळायचा. त्यावर आमचं आठ महिने भागायचं. त्या काळी हा मुलूख गोधडीसारखा ठिगळाठिगळांचा होता. ओढ्याच्या अलीकडं एक संस्थान, पलीकडं दुसरं, मध्येच चार गावं खालसातली, म्हणजे थेट इंग्रजांच्या अमलातली. मेंढरांना त्यातलं काही कळत नसे. नाक्यावरच्या शिपायाला मात्र बरोबर कळे, आणि चराईचे पैसे दिल्याशिवाय तो आत सोडत नसे.

मी शाळेत गेलो तो लांडग्यामुळं. सात वर्षांचा असताना एका दुपारी मी काठीनं मातीत अक्षरं गिरवत बसलो होतो. मिरजेच्या बाजारातल्या एका पाटीवर ती पाहिली होती. अर्थ माहीत नव्हता, नुसती वळणं आवडली होती. तेवढ्यात माझ्यासमोरून लांडग्यानं कोकरू उचललं. तात्याबासारख्या मवाळ माणसानंही त्या दिवशी मला काठीनं बडवलं. वहिनीनं त्याच्या हातातली काठी काढून घेतली.

"मारून काय हुनार?" ती म्हणाली. "ह्येचं ध्यान मेंढरांत न्हाई. जिथं ध्यान हाय तिथं न्हेऊन घाला. न्हाईतर आनि धा कोकरं जातील."

पुढच्या महिन्यात तिनं मला साताऱ्याच्या एका बोर्डिंगात नेऊन घातलं. तिथं गरिबाच्या पोरांना फुकट ठेवून घेत. हातानं भाकरी थापायची, विहिरीचं पाणी शेंदायचं आणि शिकायचं. १९४५ साली मी मॅट्रिक झालो. ही बातमी घेऊन तळावर गेलो तेव्हा कुणाला त्याचा अर्थ लागेना. वहिनीनं एवढंच विचारलं, "ह्येच्या फुडं काय आसतं?"

"कॉलेज."

"मग तिथं जायचं. आर्ध्या वाटंवर कशाला बसायचं?"

आमच्या मेंढरांच्या वाटेवरच एका संस्थानाच्या गावी कॉलेज होतं. त्या संस्थानाचं नाव मी लिहीत नाही. ते आता उरलेलं नाही, आणि त्याच्याशी माझं भांडण मात्र अजून मिटलेलं नाही. जून महिन्यात मी आणि वहिनी कोळशावर चालणाऱ्या सर्व्हिस मोटारीतून धक्के खात तिथं गेलो. मेंढरं परतीच्या वाटेवर मिरजेच्या अलीकडं होती. लढाईमुळं लोकरीला बरा भाव आला होता, आणि त्या पैशांतले साठ रुपये तिनं कमरेला खोचले होते. बोर्डिंगातल्या मास्तरांनी सांगितलं होतं, सहामाहीची फी साठच्या पुढं जायची नाही.

खिडकीतल्या कारकुनानं माझा अर्ज पाहिला आणि वर न बघताच विचारलं, "राहणार कुठले?"

मी काही बोलायच्या आत वहिनीनं सांगून टाकलं, "दिवाळीपासनं जेठापतूर हितंच, तुमच्याच शिवारात. उरल्यालं चार म्हैनं जताकडं."

"घर कुठं आहे?"

"घर घोड्यावर हाय."

रांगेतली पोरं हसली. कारकून हसला नाही. त्यानं अर्जावर लाल शाईनं एक शब्द लिहिला, परसंस्थानी, म्हणजे परक्या संस्थानातला, आणि म्हणाला, "नव्वद रुपये."

"साठ न्हवं का?" वहिनी म्हणाली.

"साठ खालसातल्यांना. संस्थानच्या रयतेला चोवीस. तुम्ही दोन्हीकडचे नाही. नव्वद."

आमच्या मागं कराडजवळचा एक मुलगा उभा होता, लालासाहेब. बाप लष्करात सुभेदार, अजून इटलीतच. घरी नदीकाठचा ऊस. त्यानं कमांडरच्या सहीचा कागद पुढं केला आणि तीस रुपये भरून पावती घेतली. त्याच्यामागं त्या संस्थानच्या एका मानकऱ्याचा मुलगा, मानसिंग. दाराशी त्याची मोटार उभी होती. त्यानं काहीच भरलं नाही, नुसती सही केली. मानकऱ्यांच्या मुलांना फी माफ होती.

वहिनी तिथून निघाली. तिसऱ्या दिवशी ती आली ती नव्वद रुपये घेऊन. चार मेंढ्या विकल्या होत्या, त्यांतल्या दोन गाभण. गाभण मेंढी धनगर सहसा विकत नाही. मला हे तिनं सांगितलं नाही. पुढं तात्याबाकडून कळलं.

कॉलेजात मी, लालासाहेब आणि मानसिंग योगायोगानं एकाच बाकावर आलो. एकच प्रोफेसर, एकच फळा, पुस्तकही बहुधा एकच, कारण ते लालासाहेबाकडंच होतं. आणि एका जागेचे तीस, दुसरीचे शून्य, तिसरीचे नव्वद. लालासाहेबाला याचं हसू यायचं. "आयला, लय म्हागाची जागा हाय की तुजी," तो म्हणायचा, "तिथनं जास्त दिसतंय काय रं फळ्यावरचं?" मीही हसायचो, पण मला ती लाल शाई आठवायची. वर्गात माझ्याइतका गरीब दुसरा कुणी नव्हता आणि माझ्याइतके पैसे कुणीच भरले नव्हते.

श्रावणात वहिनी बाजरीचं पीठ आणि एक घोंगडं घेऊन मला भेटायला आली. बोलता बोलता मी तिला हे बाकाचं सांगितलं, गंमत म्हणून. तिला गंमत वाटली नाही. पिठाची पिशवी तिथंच ठेवून ती उठली.

"तुजा मोटा मास्तर कुठं बसतो?"

मी खूप विनवलं, पण ती ऐकेना. प्रिन्सिपॉलसाहेब भले गृहस्थ होते. त्यांनी तिला खुर्ची दिली. ती बसली नाही; टेबलासमोर उभी राहून तिनं विचारलं, "साहेब, मास्तर एक, बाक एक, शिकवनं एक. मग फी तीन का?"

मला वाटलं ते आम्हाला हाकलतील. पण ते शांतपणे समजावू लागले. "बाई, फी तीन दिसतात, पण खर्च एकच आहे. एका मुलाला सहा महिने शिकवायला आम्हाला नव्वद रुपयेच लागतात. संस्थानच्या मुलाचे सहासष्ट रुपये संस्थानचा खजिना भरतो. खालसातल्या मुलांसाठी इंग्रज सरकार थोडं अनुदान देतं. लष्करातल्यांच्या मुलांचं लष्कर बघतं. तुमच्या मुलाचं कुणी भरत नाही, म्हणून त्याला सगळे भरावे लागतात. आम्ही त्याच्याकडून जास्त घेत नाही. बाकीच्यांचे दुसरा कुणीतरी भरतो, इतकंच."

मला ते पटलं. खरं सांगायचं तर मी सुटकेचा निःश्वास टाकला की आता ही घरी जाईल.

पण वहिनी टेबलाजवळ सरकली. मग म्हणाली, "मानकऱ्याच्या पोराचं खजिना भरतो?"

"हो."

"खजिन्यात कुनाचं आसतं?"

"संस्थानचं. शेतसारा, जकात, पट्ट्या…"

"आनि चराई?"

"चराईही असेल."

"आमच्या तीनशे मेंढरांची चराई दरसाल त्या खजिन्यात पडती," वहिनी म्हणाली. तिचा आवाज चढू लागला होता. "म्हंजी मानकऱ्याच्या पोराचं मी भरायचं, माज्या दिराचं बी मीच भरायचं, आनि वर परकी बी मीच!"

त्यापुढचं ती कानडीत बोलली. प्रिन्सिपॉलना कानडी येत नसावी; निदान तसं त्यांनी दाखवलं. शेवटी ते एवढंच म्हणाले, "बाई, नियम मी केलेला नाही. दिवाणसाहेबांकडं अर्ज करा."

तळावर एक बांबूचं नळकांडं होतं. सगळ्या नाक्यांच्या पावत्या वहिनी त्यात गुंडाळून ठेवी. तिला वाचता येत नव्हतं. शिक्क्यांवरून कुठल्या नाक्याची ते ओळखायची. पंधरा दिवसांनी ती ते नळकांडं घेऊन परत आली. आम्ही दोघांनी वसतिगृहाच्या ओसरीवर पावत्या पसरल्या. चराईच्या पावत्यांत नुसती मेंढरांची संख्या होती. पण त्यांत एक वेगळा कागद निघाला, बेचाळीस सालचा. लढाईसाठी संस्थानानं आपल्या रयतेकडून युद्धफंड गोळा केला होता. परक्यांकडून तो घ्यायचा नव्हता. ठाणेदारानं तो आमच्याकडूनही घेतला होता आणि सही करून लिहिलं होतं: 'संस्थानची रयत तात्याबा बिन सिद्धू धनगर यांजकडून युद्धफंड साडेसात रुपये पावले.'

मी ते मोठ्यानं वाचलं. वहिनीनं मला तो 'रयत' शब्द बोटानं दाखवायला लावला आणि किती तरी वेळ त्याच्याकडं बघत राहिली.

दिवाणसाहेबांची भेट मिळायला आणखी दोन आठवडे गेले. त्यासाठी दोन खेपा घातल्या आणि दोन्ही दिवस वहिनी कचेरीच्या पायरीवर बसून होती. पहिल्या खेपेला नुसतीच परत पाठवली. अखेर आत गेलो तेव्हा मी तिच्या एक पाऊल मागं उभा राहिलो. ते पाऊल मी मुद्दाम मागं घेतलं होतं. गादीवर बसलेले ते लोक, आणि समोर वहिनीच्या लुगड्याला येणारा मेंढरांचा वास. मला तिची लाज वाटली. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

दिवाणांनी कागद वाचला. "ठाणेदाराची चूक आहे," ते म्हणाले. "तुम्ही आमची रयत नाही. फिरस्ते आहात."

"चूक आसंल तर साडेसात रुपयं परत द्या," वहिनी म्हणाली. "नसंल तर फी चोवीस करा. घ्यायला आलो की रयत आनि द्यायला आलो की परकं, आसं कसं साहेब?"

"बघू," दिवाण म्हणाले, आणि शिपायानं पडदा वर केला.

त्यांनी बघितलं ते असं: दसऱ्याच्या सुमारास माझ्या नावानं साडेसात रुपयांची मनिऑर्डर आली. सोबत हुकमाची नक्कल. चुकून घेतलेला फंड परत करण्यात येत आहे. सदर इसम व त्यांचेसारखे सर्व फिरस्ते धनगर हे परसंस्थानी समजावेत. आणि सबब त्यांच्याकडून चराई परसंस्थानी दरानं, म्हणजे दुप्पट घ्यावी.

मी तो हुकूम वाचला. एका माझ्या फीपायी सगळ्या धनगरांवर पट्टी बसली होती. मी वहिनीला निरोप धाडला की मी कॉलेज सोडतो, माफीचा अर्ज करू. उत्तर आलं नाही. साडेसात रुपये मी परत पाठवून दिले; ते घेतले असते तर आम्ही रयत नाही हे कबूल केल्यासारखं झालं असतं. तेवढं मात्र मी स्वतःच्या बुद्धीनं केलं.

दिवाळीनंतर तळ नाक्यावर आला. आमच्याबरोबर आणखी नऊ बिऱ्हाडं होती. सगळी मिळून अडीच-तीन हजार मेंढरं. शिपायानं दुप्पट चराई मागितली. वहिनीनं सगळ्या कारभाऱ्यांना बोलावून हुकूम सांगितला, आणि तो कुणामुळं निघाला तेही लपवलं नाही. एक म्हातारा धनगर, नाथाजी, तिच्यावर खेकसला, "तुज्या दिराला सायब करायला आमची मेंढरं इकायची व्हय गं?"

"इकू नका," वहिनी म्हणाली. "आत जाऊच नका. वड्याच्या पल्याड खालसा हाय. तळ तिथं टाकू. मेंढरं तिथंच बसवू. ह्येंच्या रानात एक लेंडी पडाय न्हाई पायजे."

नाथाजीनं डोक्यावरचा पटका काढून पुन्हा बांधला. दुप्पट चराई भरायची म्हणजे दर बिऱ्हाडाची काही मेंढरं जाणार होती. ओढा ओलांडायला काही लागत नव्हतं. हळूहळू सगळ्यांची घोडी पलीकडं वळली. खालसातले शेतकरी हे खत पाहून हरखले. जोंधळा थोडा कमीच देत होते, कारण गरज आमची होती. त्या थंडीत तळावर लोकांनी एक वेळ कण्या खाल्ल्या आणि वहिनीला बोल लावला. ती ऐकून घ्यायची.

इकडं दुसऱ्या सहामाहीची फी भरली नाही म्हणून माझं नाव फळ्यावर लागलं. वर्गात बसायची मनाई. मी व्हरांड्यात खिडकीखाली बसून ऐकायचो आणि लालासाहेब संध्याकाळी त्याच्या वह्या द्यायचा. प्रिन्सिपॉलसाहेब रोज तिथून जात. त्यांनी मला पाहिलं नाही असं एकदाही झालं नाही, आणि उठवलं असंही एकदा झालं नाही. उलट पौषातल्या गारठ्यात एके सकाळी त्या जागी पोत्याचा तुकडा अंथरलेला होता. कुणी टाकला ते मला कधी कळलं नाही.

संक्रांत झाली तशी संस्थानातल्या शेतकऱ्यांची कुरकुर सुरू झाली. उसाच्या सुरू हंगामाच्या लावणीचे दिवस आले आणि रानं खताविना पडली. लढाईनं पेंडीचा भाव आभाळाला भिडवलेला. सगळ्यात मोठं रान मानसिंगच्या वडिलांचं. त्यांचा मुनीम ओढा ओलांडून तळावर आला आणि तात्याबाला म्हणाला, "पाटील-इनामदारांशी वाकडं घेऊन धनगराचं कसं भागंल? दुप्पट जोंधळा देतो, चला."

तात्याबानं वहिनीकडं बघितलं. वहिनी चुलीपासून उठून आली. "जोंधळा न्हाई मागितला. तुमच्या दिवाणाला सांगा, आमी परसंस्थानी हाय. परसंस्थानी मानसाचं खत तुमच्या रानाला चालंल कसं?"

मानकऱ्यांनी दिवाणांपुढं जाऊन काय सांगितलं ते आम्हाला ऐकायला मिळालं नाही. मानसिंग मला वर्गाबाहेर भेटून एवढंच म्हणाला, "तुझ्या वहिनीनं आमच्या घरात भांडण लावलंय बघ." त्याच्या बोलण्यात राग नव्हता, थोडं आश्चर्यच होतं. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात नवा हुकूम निघाला. जे धनगर सालातले सहा महिन्यांपेक्षा जास्त संस्थानच्या हद्दीत राहतात त्यांना चराई व शाळा-कॉलेजची फी या दोन्ही कामी रयत समजावं. 'खास मेहरबानी म्हणून' असे शब्द त्यात होते. वहिनीनं ते मला दोनदा वाचायला लावले.

"म्येहेरबानी कसली?" ती म्हणाली. "तीन म्हैनं रानं खताबिगर पडली म्हनून हुकूम निघाला, तसं लिव म्हनावं."

मी चोवीस रुपये भरले आणि पुन्हा बाकावर बसलो. लालासाहेबानं सरकून जागा दिली आणि म्हणाला, "आता तुजी माज्याहून स्वस्त झाली की रं गड्या!" आम्ही तिघंही हसलो. पण पहिल्या सहामाहीचे जास्तीचे सहासष्ट रुपये परत मागण्याचा अर्ज केला त्याला उत्तर आलं, की हुकूम मागील तारखेपासून लागू नाही. त्या चार मेंढ्या गेल्या त्या गेल्याच.

पुढच्या साली त्या हुकमावर धनगरांची दोन पोरं हायस्कुलात आणि एक, नाथाजीचा नातू, कॉलेजात आला. नाथाजी स्वतः त्याला घेऊन आला होता. तो वहिनीशी त्यानंतरही नीट बोलला नाही, पण नातवाला तिच्या पाया पडायला लावलं.

मी समजत होतो की भांडण संपलं. एकदा उन्हाळ्यात तळावर गेलो असताना वहिनीला म्हणालोही, "आता तरी समाधान झालं का?"

ती कोकराच्या पायातला काटा काढत होती. "तुज्या वर्गात आजून कुनी नव्वद भरतंय का?"

होता. दुसऱ्या वर्षी शेजारच्या एका संस्थानातून आलेला एक कोष्ट्याचा मुलगा होता. त्याचा बाप मागावर बसायचा. मी त्याचं नाव सांगितलं.

"मग कसलं समाधान?" वहिनी म्हणाली. "आमच्यापाशी मेंढरं व्हती म्हनून आमचं ऐकलं. त्येच्या बापाचं कोन ऐकतंय?"

प्रिन्सिपॉलसाहेबांचा हिशेब मला अजूनही बरोबर वाटत होता. शिकवायला पैसे लागतात, ते कुणीतरी द्यायचेच. तरी त्या हिशेबात ज्याच्या मागं कुणी नाही त्याच्याच डोक्यावर सगळा भार का पडावा, याचा जबाब नव्हता. तो कोष्ट्याचा मुलगा इंटरनंतर कॉलेज सोडून गेला. त्यानं कुणाशी भांडण केलं नाही. एक दिवस तो आलाच नाही, आणि त्याची जागा दुसऱ्यानं घेतली.

अठ्ठेचाळीस साली संस्थानं विलीन झाली आणि परसंस्थानी हा शब्द कॉलेजच्या छापील नियमांतून गेला. एकोणपन्नासला मी बी. ए. झालो. पदवीच्या समारंभाला वहिनी आली नाही. मेंढ्या व्यायला लागल्या होत्या. मी पदवीचा कागद घेऊन तळावर गेलो. तिनं हात पुसून तो धरला, उलटसुलट करून शिक्का पाहिला, आणि विचारलं, "ह्येच्यावर काय लिव्हलंय का, किती भरलं त्ये?"

"नाही," मी म्हणालो. "सगळ्यांचा सारखाच असतो."

"बघ की, कागद बी एकच," ती म्हणाली, आणि कागद मला परत देऊन मेंढीकडं वळली.